जुन्या लेन्सला बसेल असा फिल्टर

कॅमेऱ्याच्या लेन्सच्या तोंडाशी धातूचे एक कडे असते. लेन्सच्या पुढे लावायची प्रत्येक वस्तू याच कड्यावर बसते: रंगीत किंवा साधा फिल्टर, तिरपे ऊन अडवणारे हूड, जवळचे टिपण्यासाठीचे क्लोजअप भिंग आणि धूळ रोखणारे झाकण. नव्या लेन्सच्या खोक्यावर या कड्याचे माप छापलेले असते आणि त्या मापाचा फिल्टर सहज मिळतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या लेन्सचे तसे नाही. तिचे खोके आणि माहितीपत्रक कधीच हरवलेले असते, बनवणारी कंपनी अनेकदा बंद पडलेली असते आणि कड्याची रचना आजच्या रचनेशी जुळतेच असे नाही.

मिररलेस कॅमेरे आल्यापासून जुन्या लेन्सना पुन्हा मागणी आली आहे. आजोबांच्या कपाटातली झेनिट, काकांनी परदेशातून आणलेली पेंटॅक्स, जुन्या बाजारात सापडलेली यशिका यांच्या लेन्स आजही उत्तम चित्र देतात. मात्र त्यांना जोड मिळवताना तीन प्रश्नांची उत्तरे आधी हातात हवीत: वस्तू कड्यावर बसते कशी, कड्याचे माप किती आणि आटे असतील तर ते किती बारीक. ही तिन्ही उत्तरे लेन्सच देते. ती न विचारता अंदाजाने घेतलेला फिल्टर बहुधा पडूनच राहतो.

बसण्याच्या चार रीती

पहिली आणि सर्वांत परिचित रीत आट्यांची. लेन्सच्या कड्याच्या आतल्या बाजूला आटे असतात, फिल्टरच्या बाहेरच्या बाजूला तसेच आटे असतात आणि फिल्टर फिरवून बसवला जातो. फिल्टरच्या पुढच्या तोंडालाही आतून आटे असतात, म्हणून त्यावर दुसरा फिल्टर किंवा हूड चढवता येते. १९६० नंतरच्या बहुतेक एसएलआर लेन्स या गटातल्या आहेत.

दुसरी रीत दाबून बसवण्याची. येथे लेन्सच्या कड्याला आटे नसतात. फिल्टरची चौकट कड्यावर बाहेरून सरकवायची. चौकटीच्या कडेला उभ्या चिरा पाडलेल्या असतात, त्यामुळे तिच्या पाकळ्या स्प्रिंगसारख्या कड्याला धरून राहतात. काही चौकटींना बाजूला छोटा स्क्रू असतो. लायकाच्या ५० मिमी एल्मार एफ ३.५ या लेन्सवर ‘ए ३६’ मापाचे असे फिल्टर बसतात. घडीच्या कॅमेऱ्यांवर आणि बॉक्स कॅमेऱ्यांवरही हीच पद्धत सर्रास होती.

तिसरी रीत बायोनेटची. कड्याला बाहेरून किंवा आतून खाचा असतात. फिल्टर त्यात घालून थोडासा फिरवला की अडकतो. रोलायफ्लेक्स आणि हॅसलब्लाड हे यातले ठळक कॅमेरे.

चौथी रीत ‘सीरिज’ फिल्टरची. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर ती मोठ्या प्रमाणावर रूढ होती. यात फिल्टर म्हणजे पातळ धातूच्या पट्टीत बसवलेली, आटे नसलेली गोल काच. ती दोन कड्यांच्या मध्ये धरली जाते. मागचे कडे लेन्सवर बसते आणि पुढचे कडे काच दाबून ठेवते. मापे रोमन आकड्यांनी ओळखली जातात. सीरिज ६ ची काच ४१.३ मिमी, सीरिज ७ ची ५०.८ मिमी म्हणजे बरोबर दोन इंच आणि सीरिज ८ ची ६३.५ मिमी म्हणजे अडीच इंच असते. जुन्या बाजारात आटे नसलेली सुटी रंगीत काच चामड्याच्या पाकिटात सापडली, तर ती बहुधा सीरिज फिल्टरची असते. कडी मिळाली नाहीत तर ती काच निरुपयोगी ठरते, म्हणून काच आणि दोन्ही कडी एकत्रच घ्यावीत. या पद्धतीचा फायदा असा की मागचे कडे बदलले की तीच काच वेगवेगळ्या लेन्सवर चालते.

आकडा कोणता वाचायचा

लेन्सच्या तोंडाभोवती बरेच काही कोरलेले असते. समजा तिथे ‘५५ मिमी’ आणि ‘१:१.८’ असे आकडे आहेत. हा ५५ म्हणजे लेन्सची नाभीय लांबी. फिल्टरच्या मापाशी त्याचा काहीही संबंध नाही. सुपर-टाकुमार ५५ मिमी एफ १.८ या गाजलेल्या पेंटॅक्स लेन्सला ४९ मिमीचा फिल्टर लागतो. नवख्याची पहिली चूक येथेच होते आणि ५५ मिमीचा फिल्टर घरी येतो.

फिल्टरच्या मापापुढे बहुधा गोलाला तिरपी रेघ छेदणारे चिन्ह असते: ⌀. ते व्यासाचे चिन्ह आहे. अनेक जुन्या लेन्सवर ते कोरलेलेच नसते. मग मूळ झाकण हाती असल्यास त्याची आतली बाजू पाहावी, तिथे माप छापलेले असण्याची शक्यता असते. लेन्सवर आधीच एखादा यूव्ही फिल्टर बसवलेला असेल तर त्याच्या कडेवर माप हमखास मिळते. मात्र तो फिल्टर थेट लेन्सवर बसला आहे, की मध्ये माप बदलणारी रिंग आहे, हे तपासायला हवे.

कंपन्यांच्या सवयी ठाऊक असल्या तर निम्मे काम होते. निकॉनने १९५९ च्या एफ कॅमेऱ्यापासून नेहमीच्या वापरातल्या बऱ्याच लेन्स ५२ मिमीवर ठेवल्या. पेंटॅक्सच्या टाकुमार मालिकेत ५० मिमी एफ १.४, १०५ मिमी एफ २.८, १३५ मिमी एफ ३.५ अशा कितीतरी लेन्स ४९ मिमीच्या आहेत. ऑलिंपसच्या ओएम मालिकेत ४९ आणि ५५ ही दोन मापे मुख्य. कॅननच्या १९७१ पासूनच्या एफडी लेन्समध्ये ५५ मिमी, तर १९७९ नंतरच्या नव्या एफडी लेन्समध्ये ५२ मिमी हे माप पुन्हा पुन्हा दिसते. मिनोल्टाच्या एमसी रोकोर नॉर्मल लेन्सना ५५ आणि नंतरच्या एमडी लेन्सना ४९ लागतो.

सोव्हिएत लेन्सच्या बाबतीत नावापेक्षा प्रकारावर लक्ष ठेवावे लागते. झेनिट कॅमेऱ्यासोबत येणारी हेलिओस ४४-२ ही लेन्स ४९ मिमीची आहे, पण तिचीच पुढची आवृत्ती ४४ एम ५२ मिमीची आहे. ज्युपिटर-८ ला ४०.५ मिमीचा फिल्टर लागतो. इंडस्टार ५०-२ या चपट्या लेन्सला ३५.५ मिमी. काही मापे त्याहूनही आडवळणाची आहेत: कॅननेट क्यूएल १७ जी-३ ला ४८ मिमी आणि ऑलिंपस ट्रिप ३५ ला ४३.५ मिमी. अशा मापांचे फिल्टर दुकानात मागितले तर बहुधा नकार मिळतो. त्यांच्यासाठी पुढे सांगितलेली माप बदलणारी रिंग हाच खरा मार्ग.

व्हर्नियरने मोजणे

कुठेच माप लिहिलेले नसेल तर मोजावे लागते आणि त्यासाठी शाळेची पट्टी पुरत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा व्हर्नियर कॅलिपर हवा. प्लास्टिकचा असला तर उत्तम, कारण धातूच्या टोकाने काचेवर ओरखडा पडू शकतो.

हेलिओस ४४-२ चे उदाहरण घेऊ. लेन्स टेबलावर तोंड वर करून ठेवायची. व्हर्नियरचे आतले माप घेणारे छोटे जबडे कड्याच्या आत, आट्यांवर टेकवायचे आणि सर्वांत मोठा आकडा मिळेपर्यंत हलकेच सरकवायचे. आकडा येतो ४८.२ मिमीच्या आसपास. इथे गोंधळायचे कारण नाही. आतल्या आट्यांची टोके लेन्सच्या मध्याकडे वळलेली असतात आणि जबडे त्या टोकांवर टेकतात, म्हणून वाचन नाममात्र मापापेक्षा थोडे कमी येते. आट्यांमधले अंतर ०.७५ मिमी असेल तर ही तूट सुमारे ०.८ मिमी असते. म्हणजे ४८.२ वाचन असेल तर फिल्टर ४९ चा, ५१.२ असेल तर ५२ चा आणि ५४.२ असेल तर ५५ चा. फिल्टरच्या बाहेरच्या आट्यांवर मात्र वाचन जवळजवळ नाममात्र मापाइतकेच येते.

दाबून बसणाऱ्या फिल्टरसाठी कड्याचा बाहेरचा व्यास मोजायचा. येथे अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडतो: चौकट सैल झाली तर फिल्टर रस्त्यात पडतो आणि घट्ट झाली तर बसतच नाही. थोडी सैल चौकट असेल तर तिच्या पाकळ्या बोटाने किंचित आत वळवून चालवता येते. कड्याचा व्यास दोन-तीन दिशांनी मोजावा. आकडे वेगळे आले तर लेन्स कधीतरी पडली आहे आणि कडे लंबगोल झाले आहे, असे समजावे.

आट्यांचे अंतर

व्यास बरोबर असूनही फिल्टर बसत नाही, असेही होते. त्यामागे बहुधा आट्यांमधले अंतर असते. आज जवळजवळ सर्व फिल्टर ०.७५ मिमी अंतराचे असतात. जुन्या छोट्या लेन्सवर ०.५ मिमीचे बारीक आटे बरेच आढळतात. लायकाच्या ‘ई ३९’ मापाचे आटे ३९ मिमी व्यासाचे आणि ०.५ अंतराचे आहेत. इंडस्टार ५०-२ चेही ०.५ चेच.

०.७५ चा फिल्टर ०.५ च्या कड्यात घातला तर तो सुरुवातीला धरतो, अर्धा-पाऊण वेढा जातो आणि मग अडतो. तिथेच थांबायचे. जोर लावला तर ॲल्युमिनियमचे मऊ आटे कापले जातात आणि पुढे बरोबर मापाचा फिल्टरही सरळ बसत नाही. योग्य फिल्टर दोन-तीन वेढे विनासायास जातो आणि शेवटी हलकेच टेकतो. बसवताना तो आधी उलटा, म्हणजे डावीकडे फिरवावा; आट्यांचे तोंड जुळले की बोटांना हलका टप्पा जाणवतो, त्यानंतर उजवीकडे फिरवावा. या सवयीमुळे आटे तिरपे धरण्याचा धोका टळतो.

आट्यांमधले अंतर मोजायला कारखान्यात पिच गेज वापरतात. एखाद्या लेथवाल्याकडे ती पातळ दातेरी पानांची जुडी हमखास असते. नेमके माप कळले की तोच कारागीर पितळेची किंवा ॲल्युमिनियमची जोडरिंग कातून देऊ शकतो. बाजारात न मिळणाऱ्या मापासाठी हा उपाय खात्रीचा आहे.

रोलायफ्लेक्स आणि बायोनेट

दोन भिंगांच्या रोलायफ्लेक्सने एके काळी वृत्तछायाचित्रणात मोठे काम केले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ मध्ये ब्रिटिश इन्फर्मेशन सर्व्हिसेसच्या कामासाठी दिल्लीत आल्या आणि १९७० पर्यंत छायाचित्रण करत राहिल्या. स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स हे त्यांचे कॅमेरे होते. स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांच्या चित्रांतून आजही दिसते.

रोलायफ्लेक्सच्या फिल्टरची मापे तीन. ३.५ टेसार किंवा झेनार लेन्सच्या कॅमेऱ्यांना आणि बहुतेक रोलायकॉर्डना बायोनेट १ लागते, ३.५ प्लॅनार किंवा झेनोटारच्या नंतरच्या कॅमेऱ्यांना बायोनेट २, आणि २.८ लेन्सच्या बहुतेक कॅमेऱ्यांना बायोनेट ३. यशिका-मॅट आणि मिनोल्टा ऑटोकॉर्ड या जपानी कॅमेऱ्यांनीही बायोनेट १ स्वीकारले, म्हणून त्यांचे फिल्टर परस्परांना चालतात. बायोनेटच्या रंगीत फिल्टरची किंमत आट्यांच्या फिल्टरपेक्षा बरीच जास्त असते. स्वस्त वाट म्हणजे बायोनेटवर बसणारी आणि पुढे नेहमीचे आटे असणारी जोडरिंग.

या कॅमेऱ्यात वरच्या भिंगातून पाहायचे आणि खालच्या भिंगातून चित्र घ्यायचे असते. म्हणून फिल्टर खालच्या भिंगावर बसतो. पोलरायझर वापरताना तो आधी वरच्या भिंगापुढे धरून फिरवावा, हवा तो परिणाम दिसला की त्याच्या कडेवरची खूण कुठे आली ते लक्षात ठेवावे आणि खालच्या भिंगावर त्याच स्थितीत बसवावा.

हॅसलब्लाडच्या जुन्या सी लेन्सना ‘बी ५०’ आणि १९८२ नंतरच्या सीएफ लेन्सना ‘बी ६०’ लागते. दोन्ही दिसायला सारखी, पण एकमेकांना बसत नाहीत.

माप बदलणाऱ्या रिंगा

चार जुन्या लेन्सची चार मापे असली तर प्रत्येकीसाठी वेगळे फिल्टर घेणे परवडत नाही. त्यावर स्टेप-अप रिंग हा उपाय आहे. तिची मागची बाजू लेन्सच्या छोट्या मापाची आणि पुढची बाजू फिल्टरच्या मोठ्या मापाची असते. ‘४९–५५’ असे लिहिले असेल तर पहिला आकडा लेन्सचा, दुसरा फिल्टरचा. सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचे फिल्टर घ्यावेत आणि बाकीच्या लेन्सना स्वस्त रिंगा घ्याव्यात. ३५.५ पासून ५२ पर्यंतच्या लेन्स असतील तर ५२ किंवा ५५ हे माप धरले की बहुतेक संग्रह त्यात बसतो.

उलट, मोठ्या लेन्सवर छोटा फिल्टर बसवणारी स्टेप-डाउन रिंग शक्यतो टाळावी. फिल्टरची चौकट चित्राच्या कोपऱ्यात शिरते आणि कोपरे काळे पडतात. १३५ मिमीसारख्या लांब लेन्सवर कधी हे खपून जाते, २८ मिमीवर अजिबात नाही.

आणखी एक पद्धत चौकोनी फिल्टरची. फ्रान्सच्या कोकिन कंपनीने १९७८ मध्ये आणलेल्या या पद्धतीत एक धारक असतो आणि प्रत्येक लेन्सच्या मापाची एक पातळ रिंग. ए आकाराचे फिल्टर ६७ मिमी रुंद, पी आकाराचे ८४ मिमी. अनेक मापांच्या लेन्स बाळगणाऱ्याला ही पद्धत सोयीची आहे. हूड मात्र नेहमीचे लावता येत नाही.

कोणता फिल्टर खरोखर लागतो

कृष्णधवल फिल्म वापरणाऱ्याला पिवळा फिल्टर सर्वांत उपयोगी. तो निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे आकाश गडद होते आणि पांढरे ढग उठून दिसतात. केशरी फिल्टरने हा परिणाम वाढतो, लाल फिल्टरने आकाश जवळजवळ काळे होते. जुन्या फिल्टरवर कोडॅकचे रॅटन क्रमांक असतात: पिवळा ८, केशरी २१, लाल २५. जुन्या पिवळ्यावर ‘के २’ आणि लालवर ‘ए’ असेही लिहिलेले दिसते. ही त्याच फिल्टरची आधीची नावे. सोबत ‘२ एक्स’ असे लिहिले असेल तर प्रकाश दुप्पट द्यायचा, म्हणजे एक स्टॉप. लाल २५ ला आठपट, म्हणजे तीन स्टॉप.

हे गणित कॅमेरा स्वतः करतो की छायाचित्रकाराला करावे लागते, हे मीटर कुठे आहे त्यावर अवलंबून. लेन्समधून प्रकाश मोजणाऱ्या एसएलआरला बहुधा काही करावे लागत नाही. कॅननेट क्यूएल १७ जी-३ मध्ये मीटरचा डोळा फिल्टरच्या कड्याच्या आतच आहे, म्हणून फिल्टर त्याच्यावरही येतो आणि हिशेब आपोआप होतो. यशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये मीटरचा डोळा लेन्सपासून दूर, कॅमेऱ्याच्या अंगावर आहे. तिथे पिवळा फिल्टर लावल्यावर ४०० ची फिल्म असेल तर चकती २०० वर आणावी लागते. फिल्टर काढल्यावर ती परत ४०० वर नेण्याची आठवण ठेवावी, नाहीतर पुढचा सगळा रोल गरजेपेक्षा उजळ येतो.

डिजिटल कॅमेऱ्यावर रंगीत फिल्टरची गरज फारशी उरत नाही, पण पोलरायझरचे काम सॉफ्टवेअरला जमत नाही. सूर्यापासून काटकोनात असलेले आकाश तो गडद करतो आणि काच किंवा पाण्यावरची चमक कमी करतो. काचेच्या बाबतीत परिणाम तिच्याकडे तिरपे पाहिल्यावरच मिळतो, समोरून नाही. पोलरायझरचे रेषीय आणि वर्तुळाकार असे दोन प्रकार आहेत. ऑटोफोकसच्या एसएलआर कॅमेऱ्यांना वर्तुळाकार लागतो, तर साध्या जुन्या कॅमेऱ्यांना स्वस्त रेषीयही चालतो. काही जुन्या लेन्समध्ये फोकस करताना पुढचे भिंग फिरते आणि त्याच्यासोबत पोलरायझरही. अशा लेन्सवर आधी फोकस, मग पोलरायझर, हा क्रम पाळावा.

क्लोजअप भिंगावर +१, +२ असे आकडे असतात. लेन्स अनंतावर ठेवली असता +१ ने एक मीटरवरची वस्तू स्पष्ट येते, +२ ने अर्ध्या मीटरवरची.

हूड: जुन्या लेन्सची खरी गरज

जुन्या लेन्ससाठी एकच जोड घ्यायची असेल तर ती हूडची घ्यावी. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग चार-पाच टक्के प्रकाश परत फेकतो आणि तो लेन्सच्या आत भटकत राहून चित्र फिके करतो. त्यावर झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये लेप शोधला. अनेक थरांचा लेप सर्वसामान्य लेन्सवर १९७० च्या दशकात रूढ झाला. त्याआधीच्या लेन्सला ऊन अडवण्यासाठी बाहेरून मदत लागते.

दिल्लीतला कस्तुरबा गांधी मार्ग, पूर्वीचा कर्झन रोड, याचे चांगले उदाहरण आहे. कॅनॉट प्लेसपासून निघून तो दक्षिण-आग्नेय दिशेने इंडिया गेटकडे जातो. डिसेंबरात सकाळी अकराच्या सुमारास सूर्य जवळजवळ त्याच दिशेला, क्षितिजापासून बराच वर असतो. ५० मिमीच्या लेन्सने इंडिया गेटच्या दिशेने रस्ता टिपताना सूर्य चौकटीत येत नाही, पण त्याचा प्रकाश लेन्सच्या पुढच्या काचेवर थेट पडतो. हूड नसेल तर झाडांच्या सावल्या राखाडी होतात. योग्य हूड लावले की त्याच सावल्या काळ्या आणि दाट येतात. याच रस्त्यावर चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन यांचे काळ्या आणि पांढऱ्या दगडातले भव्य वृक्षाकृती भित्तिशिल्प आहे. काळ्याचा काळेपणा टिकवण्याची लेन्सची ताकद पाहायची तर यासारखा विषय नाही.

हूड लेन्सच्या दृश्यकोनाला जुळणारे असावे. ५० मिमीसाठीचे खोल हूड ३५ मिमीवर लावले तर कोपरे कापले जातात. तपासणी सोपी आहे: लेन्स अनंतावर आणि छिद्र सर्वांत लहान ठेवून उजळ भिंतीचे चित्र घ्यावे आणि चारही कोपरे पाहावेत. छिद्र मोठे असताना हा दोष पुसट असतो आणि नजरेतून सुटतो. फिल्टर आणि हूड दोन्ही लावायचे असतील तर तपासणी दोन्हींसह करावी, कारण फिल्टरच्या जाडीने हूड पुढे सरकते.

मागची बाजू: ॲडॉप्टर

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवताना ॲडॉप्टर लागतो. इथे महत्त्वाचे आहे ते लेन्सच्या बैठकीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर. एम ४२, म्हणजे ४२ मिमी आट्यांच्या बैठकीच्या लेन्ससाठी ते ४५.४६ मिमी आहे. कॅनन ईएफचे ४४ मिमी, त्यामुळे मधल्या जागेत पातळ ॲडॉप्टर मावतो. निकॉन एफचे ४६.५ मिमी, म्हणजे लेन्स आधीच गरजेपेक्षा दूर बसते आणि मध्ये काच नसलेल्या ॲडॉप्टरने दूरचे काही स्पष्ट होत नाही. सोनी ई चे अंतर केवळ १८ मिमी, म्हणून मिररलेस कॅमेऱ्यांवर जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स चालते.

दोन सापळे लक्षात ठेवावेत. ३९ मिमी आट्यांच्या लेन्स दोन प्रकारच्या आहेत: लायका आणि झोर्कीसाठी २८.८ मिमी अंतराच्या आणि सुरुवातीच्या झेनिटसाठी ४५.२ मिमी अंतराच्या. दोन्ही एकाच ॲडॉप्टरवर फिरून बसतात, पण फोकस एकाच प्रकाराचा बरोबर लागतो. दुसरा सापळा टी-माउंटचा. त्याचा व्यासही ४२ मिमीच आहे, मात्र आटे ०.७५ चे आहेत, तर एम ४२ चे १ मिमीचे. एक वेढा जाऊन अडले तर जोर लावू नये.

शोधायचे कुठे

कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदन आहे. तिथे उतरलेल्या मराठी माणसाला कॅनॉट प्लेस पायी गाठता येते आणि तिथल्या राजीव चौक स्थानकातून पिवळ्या मार्गाच्या मेट्रोने तिसरे स्थानक चांदणी चौकाचे. तिथला कूचा चौधरी हा दिल्लीचा जुना फोटो बाजार. जुने कॅमेरे नीट मांडलेले पाहायचे तर गुरुग्रामला छायाचित्रकार आदित्य आर्य यांनी उभारलेले म्युझिओ कॅमेरा हे संग्रहालय आहे. २०१९ पासून ते आजच्या जागेत खुले आहे. कोणत्या काळी कोणती जोड कशी बसत असे, हे तिथे एका फेरीत समजते. मुंबईत चोर बाजार आणि फोर्टमधील बोरा बाजार, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार या शोधाच्या जागा आहेत.

जाताना लेन्स सोबत न्यावी. ते शक्य नसेल तर मोजलेला आकडा, आट्यांचे अंतर आणि लेन्सचे पूर्ण नाव कागदावर लिहून न्यावे. फिल्टर घेताना तो दिव्याखाली तिरपा धरावा. कडेपासून आत येणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी म्हणजे बुरशी. पोलरायझरमध्ये कडेने रंग उडालेला दिसला तर आतला थर सुटत आहे, तो घेऊ नये. चौकट सपाट टेबलावर ठेवून डुगडुगते का पाहावे. पितळेची चौकट ॲल्युमिनियमपेक्षा जड असते, पण आट्यात कमी अडकते.

जुन्या लेन्सवर अडकून बसलेला फिल्टर हा नेहमीचा अडथळा. बोटांनी दोन बाजूंनी दाबून फिरवले तर चौकट लंबगोल होते आणि आणखी घट्ट धरते. त्याऐवजी रबराचा सपाट तुकडा टेबलावर ठेवून लेन्सचे तोंड त्यावर समान दाबाने टेकवावे आणि लेन्स फिरवावी. काच खोल असेल तरच हे करावे. पुढे आलेले भिंग रबराला लागता कामा नये. चपट्या प्लास्टिकच्या फिल्टर पान्यांची जोडी स्वस्तात मिळते आणि तिने बहुतेक फिल्टर सुटतात. कडे चेमटले असेल तर घरी पक्कड लावू नये. दुरुस्ती करणाऱ्यांकडे कडे आतून समान दाबाने पसरवणारे हत्यार असते आणि त्याने आटे पुन्हा वापरण्याजोगे होतात.

मिळवलेली जोड टिकवणेही तितकेच महत्त्वाचे. पावसाळ्यात चामड्याची पाकिटे ओल धरतात आणि बुरशी त्यातूनच फिल्टरवर येते. काचा चामड्यातून काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात. आट्यांवर मऊ पेन्सिलीचे शिसे हलकेच फिरवून भुकटी पुसून टाकली की ते सहज फिरतात. तेल मात्र कधीही लावू नये, ते काचेपर्यंत पोचते. प्रत्येक लेन्सच्या झाकणाच्या आत फिल्टरचे माप आणि आट्यांचे अंतर लिहिलेली छोटी चिकटपट्टी लावावी. ती लेन्स पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याला मोजणीपासून सुरुवात करावी लागणार नाही.